मुलांना वाचनाची गोडी लावण्यासाठी शिक्षकाने काय शिकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकवणारे आणि हायस्कुलात मराठी विषय घेणारे शिक्षक एकत्र जमले की हे प्रश्न निघतातच. कधी प्रशिक्षणात, कधी जेवणाच्या सुट्टीत, तर कधी परतीच्या बसमध्ये. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगते. वाचनाची गोडी काही मुलांना उपजत असते आणि काहींना नसते, असं मी मानत नाही. ती वर्गात घडते. ती घडवण्याचं काम शिक्षकाला शिकून घ्यावं लागतं आणि ते शिकता येतं.

वाचायचं मुलांनी. मग शिक्षकाने वेगळं काय शिकायचं?

डी.एड. किंवा बी.एड. करताना आपण पाठाचं टाचण काढायला शिकलो, व्याकरण शिकवायला शिकलो, उत्तरपत्रिका तपासायला शिकलो. एखादं मूल हौसेने पुस्तक उचलतं आणि दुसऱ्याच पानावर मिटून ठेवतं, ते का, हे कुणी शिकवलं नाही. "या मुलांना वाचनाची आवडच नाही" हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज कानांवर पडतं. पण विचार थांबायला नको, तो तिथूनच सुरू व्हायला हवा. कुणाला अक्षरं जुळवता येत नाहीत. कुणाला ती जुळवता येतात, पण अर्थ लागत नाही. कुणाला हाती आलेलं पुस्तक बालवाडीतलं वाटतं. कुणी वर्गात मोठ्याने वाचताना अडखळला आणि सगळे हसले, तेव्हापासून त्याने पुस्तकाचा धसकाच घेतलाय. बाहेरून चौघेही सारखेच दिसतात, उपाय मात्र चौघांचे चार.

मूल कुठे अडलंय हे ओळखणं, आपल्याकडच्या पुस्तकांची नीट माहिती असणं आणि त्या मुलासमोर त्या वेळी नेमकं कोणतं पुस्तक ठेवायचं हे उमगणं, असा हा अभ्यास आहे. निवृत्त होईपर्यंत तो पुरतो.

'प्रेरणा' हा शब्द भाषणात ठीक आहे. वर्गात त्याचा अर्थ काय?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात जी मांडणी केली, ती शिक्षकाच्या फार कामाची आहे. माणूस एखादी गोष्ट मनापासून करतो त्यामागे तीन गरजा असतात, असं ते म्हणतात: हे मी ठरवलंय असं वाटणं, हे मला जमतंय असं वाटणं आणि यात माझ्यासोबत माझी माणसं आहेत असं वाटणं.

आता आपला वाचनाचा तास बघा. धडा पाठ्यपुस्तकाने ठरवलेला. निम्म्या मुलांना तो अवघड. वाचून झाल्यावर त्याबद्दल बोलायचं म्हणजे प्रश्नोत्तरं लिहायची. म्हणजे तिन्ही गरजा उपाशी, आणि मुलं वाचत नाहीत म्हणून तक्रार आपली!

मेरिलँड विद्यापीठात जॉन गथ्री आणि अ‍ॅलन विगफील्ड यांनी १९९० च्या दशकापासून जे काम केलं, त्यात विज्ञान आणि वाचन एकत्र बांधलं होतं. मुलांनी आधी प्रत्यक्ष काहीतरी पाहायचं, त्यातून प्रश्न काढायचे आणि ते प्रश्न घेऊन पुस्तकांकडे जायचं. आपल्याकडे यासाठी फार लांब जायला नको. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर कुर्ल्या (खेकडे) बघून आलेला चौथीचा वर्ग "ती आडवीच का चालते?" असं विचारतो. त्या दुपारी टेबलावर खेकड्यांवरचं एखादं माहितीचं पुस्तक नुसतं ठेवून बघा. "वाचा रे" म्हणावंही लागत नाही.

मुलांना धड वाचताच येत नाही. आधी वाचायला शिकवू की गोडी लावू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यातला "की" मला मान्य नाही. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. आकलन म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. हा गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. त्याच वर्षी कीथ स्टॅनोविच यांनी दुसरी गोष्ट दाखवून दिली. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो आणि जास्त वाचल्याने आणखी चांगलं वाचू लागतो. ज्याला येत नाही तो टाळतो आणि टाळल्यामुळे आणखी मागे पडतो. म्हणजे न जमणं आणि न आवडणं एकमेकांना ओढत खाली नेतात. दोन्हींवर एकदम काम करावं लागतं.

अडचण नेमकी कुठे आहे हे कळायला एक सोपी तपासणी आहे. मुलाला बाजूला घ्या. वर्गासमोर मुळीच नको. न वाचलेला पाच-सहा ओळींचा उतारा द्या आणि शांतपणे ऐका. मग तसाच दुसरा उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि काय झालं ते विचारा, त्याला सुचेल त्या भाषेत सांगू द्या. ऐकून सगळं समजत असेल आणि वाचून समजत नसेल, तर घोडं लिपीत अडलंय. ऐकूनही समजत नसेल, तर मराठी भाषेचीच ओळख कमी आहे.

पाचवीतल्या एका मुलाचं उदाहरण देते. "नदीला पूर आला" तो सरळ वाचायचा. "पर्वत" आला की थांबायचा, रफार सोडून "पवत" म्हणायचा आणि शिक्षिकेच्या चेहऱ्याकडे बघायचा. "तुझ्या", "दुसऱ्या", "त्यांच्या" अशा प्रत्येक ठिकाणी तेच व्हायचं. तसाच दुसरा उतारा ऐकल्यावर मात्र त्याने गोष्ट शेवटापर्यंत सांगितली, वर नदीच्या पुरात आपल्या मामाची होडी कशी बांधून ठेवतात तेही सांगितलं. या मुलाला "वाचनाची आवड नाही" म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. त्याला जोडाक्षरांचा आणि रफाराचा पद्धतशीर सराव हवा होता, रोज थोडा, महिनाभर तरी. आणि त्याच काळात कुणीतरी त्याला चांगल्या गोष्टी वाचून दाखवायला हव्या होत्या, म्हणजे पुस्तकात काहीतरी मजेचं आहे ही खात्री टिकून राहते.

अशा मोठ्या मुलांना सोपा मजकूर देताना त्यांचा मान राखा. पाचवीतल्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं की त्याला सगळ्या वर्गासमोर उघडं पाडल्यासारखं होतं. कोडी, हुमाणी, क्रिकेटच्या बातम्यांचे मथळे, चित्रांखालच्या ओळी हा मजकूर सोपा असतो, पण लहानांचा वाटत नाही.

घरी कोकणी, पुस्तकात मराठी. मुलं बिचकतात. काय करावं?

गोव्यातल्या शिक्षकासाठी हाच विषयाचा गाभा आहे आणि बाहेरच्या कुठल्याही प्रशिक्षणात तो नीट हाताळला जात नाही. आपलं मूल घरी, अंगणात, बसस्टॉपवर कोकणीत बोलतं. मराठी त्याच्या कानांवर असते ती आरतीतून, भजनातून, जत्रेतल्या नाटकातून, टीव्हीवरून. म्हणजे मराठी त्याला परकी नाही, पण ती त्याच्या रोजच्या बोलण्याची भाषाही नाही. "विहीर" म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काही येत नाही, "बांय" म्हटल्यावर परसातली बांय दिसते. "खार" वाचून तो गप्प बसतो, "चानी" म्हटलं की हसतो.

शाळेत दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असणं हे आपलं मोठं भांडवल आहे. लिपी एकदा हाताशी आली की ती दोन्हीकडे चालते. म्हणून वर्गाच्या पेटीत मराठीबरोबर कोकणी पुस्तकंही ठेवा. मराठी शाळेत कोकणी पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर सांगा की वाचायची सवय लागते ती वाचनाची, एका भाषेची नव्हे.

गोष्ट मराठीत वाचा, गप्पा कोकणीत होऊ द्या. "उपरांत कितें जालें?" असं विचारणारं मूल गोष्टीत पुरतं गुंतलेलं असतं. त्याला त्या क्षणी "मराठीत विचार" म्हणून अडवलं, तर भाषा सुधारत नाही आणि गोष्टही हातची जाते. उत्तर तुम्ही मराठीत द्या, म्हणजे शब्द आपोआप कानांवर पडत राहतात. वर्गात कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलंही असतात. बांधकामावर, मार्केटात काम करणाऱ्या कुटुंबांतली ही मुलं कित्येकदा तीन-तीन भाषा सहज बोलतात, आणि तरीही त्यांना आपण "कच्ची" म्हणतो. त्यांना चित्रं बघून आपल्या भाषेत गोष्ट सांगायची संधी द्या. ऐकणाऱ्या वर्गाला सगळं समजलं नाही तरी चालेल.

आणि आपल्याकडे हाताशी असलेली एक जागा आपण वाचनासाठी फार कमी वापरतो, ती म्हणजे नाटक. जत्रेला, काल्याला, शिगम्याला गावोगावी मराठी नाटकं होतात. पेडण्यात दशावतार आहे, सत्तरीत रणमालं हे लोकनाट्य आहे. नाटकाची तालीम म्हणजे काय? तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणं, आणि प्रत्येक वेळी तो अधिक अर्थाने वाचणं. एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये 'पुनर्वाचना'ची पद्धत मांडली, ती वाचनाचा ओघ सुधारण्यासाठी होती आणि आजही शिफारशीची आहे. पण "तोच उतारा चार वेळा वाच" म्हटलं तर मुलं कंटाळतात. "परवा पालकांसमोर हा प्रवेश हातात कागद धरून वाचायचाय" म्हटलं की तीच मुलं सुट्टीत कोपऱ्यात बसून वाचत असतात. पाठांतर नको, वेशभूषा नको, फक्त वाचन. अडखळणाऱ्या मुलाला छोटा पण महत्त्वाचा भाग द्या, राजाचा हुकूम किंवा दशावतारातल्या संकासुराची आरोळी. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीला, काय काय लागतं याची यादी मुलांकडून लिहून घेऊन वाचायलाही असाच हुरूप येतो: हरणां, कांगलां, घागऱ्यो, तोरिंग. हे शब्द पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, म्हणून ते वाचताना मुलांचे डोळे चमकतात.

वाचलेल्या पुस्तकांवर बक्षीस ठेवलं तर?

जपून. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. चित्रं काढायची हौस असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसासाठी चित्र काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत होती. आवडीचं काम होतं ते मोबदल्याचं झालं.

शाळेत "सर्वांत जास्त पुस्तकं वाचणारा विद्यार्थी" अशी स्पर्धा लावली की मुलं पातळ पुस्तकं शोधतात आणि शेवटचं पान आधी उघडतात. ज्याला वाचायला वेळ लागतो, तो पहिल्या आठवड्यातच बाहेर पडतो. काही द्यायचंच असेल तर न सांगता द्या, आणि वाचनाशी नातं सांगणारं द्या: नवं आलेलं पुस्तक सगळ्यांच्या आधी घरी न्यायचा मान, लहान वर्गाला गोष्ट वाचून दाखवायची संधी. कौतुक करताना आकडा बोलू नका. "तुला तो म्हातारा का आवडला?" हा प्रश्नसुद्धा कौतुकच असतो.

मी स्वतः फारसं वाचत नाही. चालेल का?

नाही चालणार, आणि हे मी मनापासून सांगते. टेरेसा क्रेमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे १,२०० प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली. शिक्षकांची बालसाहित्याची ओळख मोजक्याच, बऱ्याचदा स्वतःच्या लहानपणी वाचलेल्या लेखकांपुरती असल्याचं त्यात दिसलं. पुढच्या टप्प्यात शिक्षकांनी स्वतः मुलांची पुस्तकं वाचायला घेतली, त्यांवर बोलायला लागले, आणि वर्गातलं वातावरण बदललं. या कामातून त्यांनी चार गोष्टींवर भर दिला: वाचून दाखवणं, पुस्तकांबद्दल सहज गप्पा, स्वतःचं स्वतः वाचायला वेळ आणि एकत्र वाचायला पोषक असा वर्ग.

आपल्याकडेही चित्र फार वेगळं नाही. मराठीत मुलांसाठी नवं, देखणं, विचारी लेखन होत असताना आपण मुलांना अजून आपल्याच लहानपणची नावं सांगत असतो. मोठ्या कादंबऱ्या वाचायलाच हव्यात असं नाही. मुलांच्या पुस्तकापासून सुरुवात करा. चित्रपुस्तक चहा निवेपर्यंत वाचून होतं. आठवड्याला एक वाचलं आणि वहीत चार ओळी लिहिल्या (कशाबद्दल आहे, कोणत्या मुलाला द्यावं, कुठे अडेल, मला काय वाटलं) तर वर्षाअखेर ती वही कुठल्याही प्रशिक्षण-पुस्तिकेपेक्षा मोलाची होते.

वाचून दाखवायचं म्हणजे नेमकं कसं? मी वाचतो, पण मुलं चुळबुळ करतात.

आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचून बघा, मनात नव्हे. वाक्य कुठे लांबतं, कुठे श्वास घ्यायचा, कुणाचा आवाज कसा असेल हे तिथेच कळतं. पुस्तकात थांबायच्या दोनच जागा ठरवा आणि तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. प्रत्येक पानावर प्रश्न विचारले की गोष्टीचा धडा होतो.

मुलांना जवळ बसवा, शक्यतो जमिनीवर. पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला धरा, अंगठा चित्रावर येऊ देऊ नका. मुखपृष्ठावर थोडं रेंगाळा. पान उलटण्याआधी एक क्षण थांबा. पुढे काय होईल ते मुलांनी आपसांत कुजबुजू दे, ती कुजबुज म्हणजेच वाचन. शेवटचं पान झालं की लगेच बोलू नका.

आणि "या गोष्टीतून काय बोध घेतला?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याचं उत्तर मुलांना पाठ असतं, नेहमी खरं बोलावं. त्याऐवजी विचारा: तुम्हाला कुठे वाईट वाटलं? तू तिच्या जागी असतास तर? काही न समजलेलं आहे का? कुणीच बोललं नाही तरी बिघडत नाही, काही गोष्टी मुलं दोन दिवसांनी बोलतात.

दहावीच्या वर्गालाही वाचून दाखवावं. मोठी मुलं नको म्हणतात ती पहिली पाच मिनिटं.

रोज पंधरा मिनिटं मूक वाचन ठेवलं आहे. फरक का दिसत नाही?

अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनलने २००० साली दिलेल्या अहवालात, नुसता मूक वाचनाचा वेळ दिल्याने वाचन सुधारतं असं म्हणायला पुरेसा पुरावा मिळाला नसल्याचं नोंदवलं होतं. याचा अर्थ तो वेळ बंद करा असा नाही. त्या वेळात काय चालतं ते बघा, असा मी घेते. ज्याला जमत नाही तो पंधरा मिनिटं पानं उलटतो. ज्याला हवं ते पुस्तक मिळालं नाही तो खिडकीबाहेर बघतो. आणि आपण त्या वेळात हजेरीचा तक्ता भरत असतो.

त्या वेळात रोज दोन मुलांजवळ जाऊन बसा. "कुठपर्यंत आलास?" एवढंच विचारा आणि ऐका. नको असलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडायची परवानगी द्या, आपण मोठेही सोडतोच. जोडीने वाचायचं असेल तर वाचू दे. उरलेल्या दिवशी तुम्हीही वाचत बसा, मुलांना दिसेल असं.

पोर्शन संपत नाही, वेळ कुठून आणू?

परिपाठातून, मधल्या सुट्टीनंतरच्या सुस्त दहा मिनिटांतून, रिकाम्या तासांतून. वेगळी तासिका मिळायची वाट बघू नका. आणि भाषेच्या पेपरात न पाहिलेला उतारा असतोच, अवांतर वाचन म्हणजे त्याची तयारी हे मुख्याध्यापकांना पटतं.

एका दिवसाच्या कार्यशाळेने काही होतं का?

उत्साह येतो, तो दोन आठवडे टिकतो. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा दीर्घ अभ्यास करून सांगितलं की नुसतं ऐकून, किंवा प्रात्यक्षिक पाहूनही, नवी रीत वर्गात फारशी उतरत नाही. आपल्याच वर्गात करून बघताना सोबत कुणी असेल तर ती उतरते. थॉमस गस्की यांचं म्हणणंही लक्षात ठेवण्यासारखं आहे: शिक्षकाचं मत आधी बदलतं आणि मग तो वेगळं करतो, असं सहसा होत नाही. तो काहीतरी करून बघतो, मुलांत फरक दिसतो आणि मग त्याचं मत बदलतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे अभ्यासक्रम 'दीक्षा' या ऑनलाइन मंचावर आहेत, ते करायलाच हवेत. पण व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम उरकलं तर तासांची नोंद होते आणि आपण होतो तिथेच राहतो. पर्वरीच्या एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) किंवा डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) प्रशिक्षण असेल तेव्हा तिथे आपल्या वर्गातलं एक खरं मूल मनात धरून बसा. प्रत्येक गोष्ट ऐकताना विचारा, याचा त्याला काय उपयोग?

याहून चांगली गोष्ट म्हणजे जवळपासच्या शाळांतल्या चार-पाच शिक्षकांचा अभ्यासगट. महिन्यातून एकदा भेटायचं. प्रत्येकाने एक मुलांचं पुस्तक वाचून आणायचं आणि एका मुलाविषयीची नोंद आणायची, फक्त एका. "माझ्या वर्गात सगळे..." असं सुरू झालं की गटाने थांबवायचं. नाव न घेता त्या मुलाने काय उचललं, काय टाकलं, काय विचारलं ते सांगायचं, बाकीच्यांनी पुस्तक सुचवायचं. शक्य असेल तेव्हा एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं, तपासायला नव्हे, बघायला. डिचोली, सत्तरीसारख्या तालुक्यांत शाळा लहान आहेत आणि शिक्षक एकेकटे आहेत, तिथे तर याची फार गरज आहे.

बाहेरून शिकायचं असेल तर पणजीची 'बुकवर्म' ही संस्था मुलांची ग्रंथालयं चालवते, तिथे जाऊन मुलांना पुस्तकं कशी देतात ते डोळ्यांनी पाहा. मराठीतून प्रारंभिक साक्षरतेसाठी पालघर जिल्ह्यातल्या 'क्वेस्ट'चं काम पाहावं. त्यांचा 'गोष्टरंग' हा गोष्टी नाट्यरूपात शाळांत नेणारा उपक्रम आपल्या नाटकवेड्या गावांना जवळचा वाटेल.

एकच शिक्षक, चार वर्ग. मला हे कसं जमणार?

बहुवर्ग शाळेत एक सोय आहे, जी मोठ्या शाळांत मुद्दाम करावी लागते: मोठी आणि लहान मुलं एकाच खोलीत असतात. चौथीतल्या मुलीने दुसरीतल्या मुलाला वाचून दाखवावं. त्यासाठी ती आधी सराव करते, आणि अडखळणाऱ्या मुलीलाही सोपं पुस्तक वाचायला सन्मानाचं कारण मिळतं. पटसंख्या कमी असल्यामुळे प्रत्येक मूल वाचक म्हणून तुम्हाला ठाऊक होऊ शकतं.

आठवी-नववीची मुलं मोबाइल सोडत नाहीत.

मोबाइलवर ती काय वाचतात ते आधी विचारा. फुटबॉलच्या बातम्या, रील्सखालच्या कमेंट, गेमची माहिती. तोही मजकूर आहे आणि त्यातूनच मुलाचा कल कळतो. फुटबॉलच्या मागे असलेल्या मुलाला खेळाडूचं चरित्र द्या, भुताच्या गोष्टी ऐकणाऱ्याला गूढकथा द्या, आणि नाक मुरडू नका. या वयात शिक्षकापेक्षा मित्राच्या शब्दाला वजन असतं, म्हणून पुस्तकाची शिफारस मुलांकडूनच होऊ दे. फळ्याच्या कोपऱ्यात नाव आणि एक ओळ पुरे.

पालक म्हणतात, गोष्टीची पुस्तकं वाचून मार्क मिळतात का?

वाद घालू नका. पालक-शिक्षक संघाच्या सभेत भाषणाऐवजी एक गोष्ट वाचून दाखवा, मुलांसमोर. कित्येक पालकांना लहानपणी कुणी वाचून दाखवलेलंच नसतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगा की मुलाला जवळ बसवून "तू वाच, मी ऐकतो" एवढं म्हणा. आजी असेल तर फारच उत्तम, तिच्याकडून ऐकलेली गोष्ट मुलाने लिहून आणली की वर्गासाठी नवं पुस्तक तयार.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतो. तेवढं पुरे का?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला महाराष्ट्राने २०१५ पासून हा दिवस सुरू केला, आपल्याकडच्या काही मराठी शाळाही तो पाळतात. १९ जूनला केरळच्या ग्रंथालय चळवळीचे जनक पी. एन. पणिक्कर यांच्या स्मरणार्थ वाचन दिन असतो. दोन्ही जरूर करा. मात्र फोटो काढून पुस्तकं पुन्हा कपाटात गेली, तर मुलांना त्यातला खोटेपणा लगेच कळतो.

सुधारणा होतेय हे मोजायचं कसं?

वाचलेल्या पुस्तकांची संख्या हे सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं माप आहे. मी एक वही सुचवते, प्रत्येक मुलाला एक पान. आपणहून पुस्तक मागितलं का? कुठलं पुस्तक दुसऱ्यांदा नेलं? कुणाला सांगितलं? कुठल्या लेखकाचं आणखी मागितलं? "म्हाका हें वाचूंक येना" म्हणणारी मुलगी ज्या दिवशी "हें म्हाका आवडना" म्हणते, तो दिवस तारीख घालून लिहून ठेवा. येत नाही इथपासून आवडत नाही इथपर्यंतचा तो प्रवास खूप मोठा असतो, कारण नावड कळायला आधी वाचावं लागतं. वाचनाचा वेग आणि अचूकता वेगळी तपासा, वर्षातून दोन-तीनदा, एकट्याला घेऊन.

चांगली पुस्तकं आणायची कुठून?

पणजीत पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मुलांना सहलीला घेऊन जाल तेव्हा मासे बघायला नेता तसं इथेही न्या. आपल्या तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांशी ओळख करून घ्या, शाळेसाठी काय सोय होऊ शकते ते विचारा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि कोकणी, दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं वाचनपातळीनुसार लावलेली आहेत, ती छापूनही घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आहेत. निधी आला की एकाच मालिकेचे संच घेऊ नका. यादी स्वतः करा, ठेकेदाराला करू देऊ नका.

पुस्तकं मुलांच्या हाती दिली की फाटतात. जबाबदारी कुणाची?

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला पहिलाच नियम आहे: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. वापरलेलं पुस्तक झिजणारच. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून साठा-नोंदवहीत "वापरून जीर्ण" असा शेरा कसा घालायचा ते ठरवून घ्या, म्हणजे शिक्षकाच्या मनातली भीती जाते. ती गेली नाही तर कपाटाची किल्ली सापडतच नाही.

खरं सांगायचं तर गोव्यात मुलांच्या हातांपेक्षा पावसाने जास्त पुस्तकं जातात. जूनमध्ये लोखंडी कपाट बंद केलं की चवथीपर्यंत आत बुरशी आणि कसर. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, दाटीने कोंबू नका. खालच्या फळीवर काही ठेवू नका, तिथे ओल आधी चढते. उघडीप मिळेल त्या दिवशी मुलांच्या मदतीने सगळी पुस्तकं बाहेर काढून बाकांवर उघडी मांडा, कडक उन्हात नव्हे, वाऱ्यावर. दुरुस्तीसाठी साधी चिकटपट्टी वापरू नका, ती पिवळी पडून कागद खाते. खळ आणि पातळ कागद घ्या. या कामाला पाचवीतली दोन-तीन मुलं नेमा, आणि शक्यतो अशी, जी एरवी पुस्तकांच्या कपाटाजवळ येत नाहीत. सुकवायला मांडलेलं पुस्तक मिटण्याआधी ती त्यात डोकावतातच.